बुडबुडे तिथेच सोडून पाणी आणू नका

प्रति,
नागपुरातील भूविज्ञान, भूजल व पर्यावरण संस्थांचे प्रमुख,
तसेच अमरावती, यवतमाळ व नांदेडचे जिल्हाधिकारी

विषय: सालबर्डी, कापेश्वर व उनकेश्वर येथील गरम पाण्याच्या झऱ्यांतून पाण्यासोबत वायूंचेही नमुने घेण्याबाबत

महोदय, महोदया,

गरम पाण्याच्या झऱ्याचा तपासणी अहवाल बहुतेक वेळा एका पानात आटोपतो. तापमान, सामू, विद्युतवाहकता, एकूण क्षार, क्लोराइड, सल्फेट, फ्लोराइड आणि शेवटी 'त्वचारोगावर गुणकारी असल्याचे ग्रामस्थ सांगतात' एवढी एक ओळ. त्याच पाण्यातून रात्रंदिवस वर येणारा वायू कुठला, किती, कुठून आला, याचा उल्लेख नसतो. आमची मागणी एवढीच आहे की यापुढे विदर्भ आणि त्याच्या सीमेवरच्या झऱ्यांचा वायूच्या नमुन्याशिवाय काढलेला अहवाल पूर्ण मानू नये. तो नमुना कसा घ्यायचा आणि तो कुठे कुठे फसतो, हे पुढे सविस्तर लिहिलं आहे. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी ते परिच्छेद ओलांडून पुढे जावं.

हे आत्ताच का, तर केंद्र सरकारचं भूऔष्णिक ऊर्जा धोरण सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं. त्याआधी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या २०२२ च्या ॲटलासमध्ये देशभरातल्या ३८१ उष्ण झऱ्यांची नोंद झाली आहे. आता प्रस्ताव येतील, सल्लागार येतील, आणि एकेका झऱ्याखाली किती अंशांचं पाणी दडलंय याचे आकडे छापून येतील. मे महिन्यात पारा ४५ ला टेकवणाऱ्या नागपूरकराला गरम पाण्याचं कौतुक मुळात कमीच. पण आकड्यांच्या बाबतीत मात्र आपण फार लवकर भुलतो.

उदाहरण घ्या. जमिनीखालचं तापमान सांगण्याची सर्वांत लोकप्रिय पद्धत म्हणजे पाण्यात विरघळलेली सिलिका (वाळू-गारगोटीतलं द्रव्य) मोजणं. पाणी खोलवर जितकं गरम तितकं क्वार्ट्‌झ जास्त विरघळतं, आणि वर येताना ती सिलिका चटकन खाली बसत नाही, हा त्यामागचा विचार. सूत्र साधं आहे: १३०९ ला (५.१९ वजा सिलिकेचा लॉगॅरिदम) यानं भागायचं आणि उत्तरातून २७३ वजा करायचे. सिलिका लिटरला ५० मिलिग्रॅम असेल तर उत्तर येतं १०२ अंश सेल्सिअस. आता हेच सूत्र काटोल रस्त्यावरच्या एखाद्या संत्र्याच्या बागेतल्या विहिरीला लावून बघा. दख्खनच्या काळ्या दगडातल्या थंड विहिरींना लिटरला ४०–५० मिलिग्रॅम सिलिका ही रोजची गोष्ट आहे, कारण बेसाल्टमधली काच आणि फेल्डस्पार कुजताना ती सोडतात. म्हणजे त्या विहिरीखालीही उकळतं पाणी निघालं! त्याच ५० मिलिग्रॅमला कॅल्सेडनीचं (सिलिकेच्याच अतिसूक्ष्म कणांच्या रूपाचं) सूत्र लावलं तर ७२ अंश येतात. नमुना तोच, उत्तरांत तीस अंशांचा फरक. कुठलं सूत्र लावलं, शेजारच्या दोन थंड विहिरींची सिलिका किती होती, हे न सांगता दिलेलं जमिनीखालच्या 'जलाशयाचं तापमान' वाचू नका.

पोटॅशियम आणि मॅग्नेशियमवरचं सूत्र वर्नर गिगेनबाख या न्यूझीलंडमधल्या भूरसायनशास्त्रज्ञानं १९८८ मध्ये मांडलं. ते तुलनेनं प्रामाणिक आहे, पण थंड पाण्याची भेसळ झाली की कोसळतं. पोटॅशियम ५ आणि मॅग्नेशियम २ मिलिग्रॅम असेल तर साधारण ६९ अंश येतात. मॅग्नेशियम १० झालं की ५१. बेसाल्टमधलं उथळ पाणी मॅग्नेशियमनं भरलेलं असतं, त्यामुळे कुंडात शेजारच्या ओढ्याचं पाणी झिरपत असेल तर हा आकडा झऱ्याचा नसून ओढ्याचा ठरतो. सोडियम-पोटॅशियमचं गुणोत्तर तर आपल्याकडच्या कोवळ्या, खडकाशी समतोल न साधलेल्या पाण्यात सर्रास दोनशे-अडीचशे अंश दाखवतं. ते छापण्याआधी नमुना गिगेनबाखच्या त्रिकोणात (सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम असे तीन कोपरे असलेल्या आलेखात) कुठे पडतो ते पाहावं. मॅग्नेशियमच्या कोपऱ्याशी चिकटला असेल तर सोडियम-पोटॅशियमचं तापमान खोडून टाकावं.

पाण्याची ही सगळी अडचण लक्षात घेतली की वायूचं मोल कळतं.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. सीताबर्डीच्या टेकडीचा दगड लाव्हाचा आहे हे खरं, पण तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे. त्याची ऊब कधीच विझली. देशातला जागता ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे, सातपुड्यात नाही. आपले झरे तापतात ते पावसाचं पाणी भेगांमधून खोल उतरून परत वर येतं म्हणून. सालबर्डीजवळून गाविलगडचा भ्रंश (खडक सरकून पडलेली खोल भेग) जातो, तो असाच एक रस्ता. दर किलोमीटरला २५ ते ३० अंश तापमान वाढतं असं धरलं तर शंभर अंशांसाठी पाण्याला अडीच-तीन किलोमीटर खाली जावं लागेल. उनकेश्वरला शरभंग ऋषींसाठी रामानं बाण मारून ऊन पाणी काढलं अशी कथा आहे. पाणी खोलातून वर यायला जमिनीला भेग लागते, एवढं त्या कथेतही आहेच.

हा तर्क खरा की खोटा, हे वायू सांगतात. सर्वांत स्पष्ट बोलतो हेलियम. त्याची दोन समस्थानिकं आहेत, ३ आणि ४. हेलियम-४ खडकातल्या युरेनियम-थोरियमच्या क्षयातून सतत बनतं, तर हेलियम-३ प्रामुख्यानं पृथ्वीच्या प्रावरणातून येतं. हवेतलं त्यांचं गुणोत्तर दहा लाखांत सुमारे १.४ आहे, त्याला एक मानतात. समुद्रतळावरच्या ज्वालामुखी कड्यांवर ते हवेच्या आठपट भरतं, जुन्या ग्रॅनाइटच्या कवचात हवेच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. एका नमुन्यानं एवढा मोठा फरक उलगडतो, आणि तो पाण्यात भेसळ झाली तरी सहज पुसला जात नाही. पश्चिम बंगालमधल्या बक्रेश्वरच्या गरम झऱ्याच्या बुडबुड्यांत सुमारे १.४ टक्के हेलियम आहे. हवेत ते दहा लाखांत पाच भाग असतं, म्हणजे अडीच हजारपटींहून जास्त. आपल्या झऱ्यांत किती आहे? हा साधा प्रश्न विचारला की जुने अहवाल गप्प बसतात.

गंधकाचा वास आला म्हणजे ज्वालामुखी, हेही सोडून द्यावं. ज्वालामुखीच्या गरम वाफेत सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन क्लोराइड आणि हायड्रोजन फ्लोराइड असतात, पण तीच वाफ भूजलातून वर आली की पाणी त्यांना धुऊन घेतं आणि वर उरतात कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड. दुसरीकडे, प्राणवायू नसलेल्या साध्या कोमट पाण्यातही सल्फेट खाणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. नाकाला दोन्ही सारखेच.

आता प्रत्यक्ष काम. सर्वांत आधी झऱ्याचं तोंड शोधा. कुंडाच्या मधोमध नाही, तर जिथून बुडबुड्यांची माळ सलग निघते तिथे. उलटं प्लॅस्टिकचं नरसाळं पाण्याखाली पूर्ण बुडवून आडवं करायचं, आतली हवेची शेवटची टिचभर फुगी निघून जाईपर्यंत हलवायचं, मग पुन्हा रुंद तोंड खाली करून माळेवर धरायचं. नरसाळ्याच्या दांडीला सिलिकॉनची छोटी नळी आणि तिला तीन तोंडांची तोटी. पहिले दोन-तीन नरसाळे भरून वायू सोडून द्यायचा, कारण नळीतली हवा त्याच वाटेनं निघते. ही दहा मिनिटं वाचवली की पुढचा सगळा खर्च वाया.

बाटली ठरवण्याआधी एक छोटी चाचणी करावी. साठ मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ५० मिलिलिटर वायू घ्या, तोटीतून १० मिलिलिटर २० टक्क्यांचं कॉस्टिक सोड्याचं द्रावण ओढा, तोटी बंद करून मिनिटभर हलवा. दट्ट्या आपोआप आत ओढला गेला आणि वायू पाच-दहा मिलिलिटरच उरला, तर तो बहुतांशी कार्बन डायऑक्साइड. दट्ट्या जागचा हललाच नाही तर तो बहुधा नायट्रोजन. हे करताना चष्मा आणि हातमोजे हवेतच, सिरिंजचं तोंड निसटलं तर कॉस्टिक थेट डोळ्यांत जातं.

हा निकाल महत्त्वाचा, कारण गिगेनबाखची प्रसिद्ध बाटली सगळीकडे उपयोगी नाही. १९७५ मध्ये त्यानं सांगितलेली ही बाटली आतून निर्वात केलेली, साधारण तीनशे मिलिलिटरची, तळाशी शंभरेक मिलिलिटर चार-पाच मोलर सोडियम हायड्रॉक्साइड (म्हणजेच कॉस्टिक सोडा) असलेली. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड द्रावणात शोषले जातात, वरच्या रिकाम्या जागेत नायट्रोजन, आर्गॉन, हेलियम, हायड्रोजन, मिथेन साचतात. ज्वालामुखीच्या वाफेत ९० टक्क्यांहून जास्त पाणी आणि उरलेल्यात बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो, तिथे ही बाटली अत्यल्प वायूंना एकवटून देते. पण नायट्रोजनप्रधान बुडबुड्यांवर ती मिनिटभरात भरते आणि काहीच एकवटत नाही. अशा ठिकाणी दोन्ही टोकांना तोट्या असलेली काचेची साधी नळीच बरी. झऱ्याच्याच पाण्यानं भरून, उलटी धरून, पाणी हटवत वायू घ्यायचा, तळाला दोन बोटं पाणी शिल्लक ठेवायचं आणि प्रयोगशाळेपर्यंत ती उलटीच न्यायची, म्हणजे पाण्याची बुच राहते. कार्बन मोनॉक्साइड मोजायचा असेल तर तो कॉस्टिकच्या बाटलीतून मोजू नये, अल्कलीत त्याचं फॉर्मेट होऊन तो नाहीसा होतो.

हेलियमसाठी मात्र काच आणि प्लॅस्टिक दोन्ही कुचकामी. त्याचा अणू इतका लहान की प्लॅस्टिकच्या पिशवीतून काही दिवसांत आणि बोरोसिलिकेट काचेतून हळूहळू तो निघून जातो. त्यासाठी तांब्याची मऊ नळी लागते. झऱ्याचा वायू तिच्यातून वाहता ठेवून दोन्ही टोकं पोलादी चिमट्यांनी चेपून बंद करायची, वायू जिथून बाहेर पडतो ते टोक आधी. चिमटा पूर्ण आवळला नाही ही सगळ्यात नेहमीची चूक, आणि ती महिन्यांनंतर वस्तुमान-वर्णपटमापीवर (समस्थानिकं मोजणाऱ्या यंत्रावर) कळते. जिथे बुडबुडे येतच नाहीत तिथे तीच नळी पाण्यानं भरून चेपावी, विरघळलेला वायू नंतर निर्वातात काढता येतो.

पाण्याच्या बाटल्यांबाबत थोडक्यात. ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलेलं पाणी दोन बाटल्यांत: एक तशीच, आयनांसाठी, दुसरीत शुद्ध नायट्रिक आम्ल घालून सामू दोनच्या खाली, धातूंसाठी. सिलिकेसाठी काचेची बाटली नको. पाणी थंड झाल्यावर २५ अंशांना लिटरला साधारण ११५–१२० मिलिग्रॅमपर्यंत सिलिका विरघळलेली राहते, त्याहून जास्त असेल तर ती जुळून बसायला लागते आणि रंगमापी पद्धतीला दिसत नाही. किती आहे हे आधी माहीत नसतं, म्हणून एक बाटली जागेवरच ऊर्ध्वपातित पाण्यानं दहापट पातळ करून ठेवावी. सल्फाइड झिंक ॲसिटेटनं तिथल्या तिथे बांधून टाकावं. क्षारता झऱ्याशेजारी बसूनच टायट्रेट करावी. किनवटहून मे महिन्यात गाडीच्या डिकीतून आलेल्या बाटलीतून अर्धा कार्बन डायऑक्साइड उडालेला असतो आणि कॅल्साइट बाटलीच्या तळाशी असतं. धन आणि ऋण आयनांच्या बेरजेत पाच टक्क्यांहून जास्त तफावत आली तर तो नमुना सूत्रांत घालू नये. नोंद बाटलीवर लिहावी, झाकणावर नको. झाकणं बदलतात.

वायू प्रयोगशाळेत आल्यावर दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. वायुवर्णलेखक (मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) नमुना पुढे ढकलायला हेलियम हा वाहक वायू वापरत असेल तर नमुन्यातलं हेलियम दिसणारच नाही, आणि अहवालात 'आढळले नाही' असं येईल. ते न मोजलेलं असतं, नसलेलं नव्हे. हेलियम आणि हायड्रोजनसाठी आर्गॉन वाहक लागतो. दुसरं, खोलीच्या तापमानाला यंत्राच्या साध्या स्तंभावर प्राणवायू आणि आर्गॉन वेगळे होत नाहीत, आलेखावरच्या एकाच शिखराखाली येतात. त्यामुळे हवेची भेसळ तपासण्याचं आपलं मुख्य हत्यारच बोथट होतं. हवेत नायट्रोजन-आर्गॉन गुणोत्तर साधारण ८४ असतं, हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात ३८ च्या आसपास. प्राणवायू नगण्य आणि गुणोत्तर या दोन आकड्यांच्या दरम्यान असेल तर तो नायट्रोजन पावसाच्या पाण्याबरोबर खाली गेलेला, असं साधारण म्हणता येतं. प्राणवायू पाच टक्के असेल तर नरसाळं नीट धरलं नव्हतं, एवढंच म्हणता येतं.

हे सगळं झऱ्यांपुरतं नाही, हे नागपुरात बसून सांगायला हवं. कामठी, उमरेड, वणी, चंद्रपूर हा सगळा कोळशाचा पट्टा आहे. शेतात भेग पडून वाफ निघाली की दुसऱ्या दिवशी 'ज्वालामुखी' हा शब्द गावभर फिरतो. तिथे लागणारी चाचणी वेगळी आणि झटपट आहे. कोळसा तापत असेल तर प्राणवायू खाल्ला जातो आणि कार्बन मोनॉक्साइड येतो. खाणीतले लोक ग्रॅहमचं गुणोत्तर वापरतात: नायट्रोजनच्या टक्क्यांना ०.२६५ नं गुणून त्यातून प्राणवायू वजा करायचा, आणि कार्बन मोनॉक्साइड त्या तुटीच्या किती टक्के आहे ते पाहायचं. नायट्रोजन ८० आणि प्राणवायू १८ टक्के असेल तर तूट ३.२. कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत १०० असेल तर गुणोत्तर ०.३, नेहमीचं. १,००० असेल तर तीनच्या वर, म्हणजे खाली आग आहे. गरम झऱ्याच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड जवळपास नसतोच. हा फरक तालुका पातळीवर एका दिवसात सांगता यायला हवा. त्यासाठी खाणीतली बचाव पथकं वापरतात तसलं वायुमापक यंत्र आणि दोन काचेच्या नळ्या पुरतात. मात्र भेगेवर वाकून कुणी नळी धरू नये. लांब काठीला नळी बांधून, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून घ्यावी. जानेवारी १९९३ मध्ये कोलंबियातल्या गालेरास ज्वालामुखीच्या विवरात वायूचे नमुने घेणाऱ्या तुकडीवर स्फोट झाला आणि सहा शास्त्रज्ञ व तीन पर्यटक गेले. आपला कोळसा तेवढा उग्र नाही, पण खाली पोकळी झालेली जमीन माणसासकट आत बसते.

जिल्हाधिकाऱ्यांकडे आमची मागणी बांधकामाची आहे. कुंडांचं सुशोभीकरण होतं तेव्हा तळाला काँक्रीट ओतून वर टाइल्स बसवतात. ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो, सामू वर जातो, कॅल्शियम वाढतं, आणि झऱ्याचा वायू टाइल्सच्या फटींतून वीस ठिकाणी विखुरतो. मग कोणत्याही नरसाळ्यात पुरेसा वायू मिळत नाही. तळाला काँक्रीट घालण्याआधी मुख्य तोंडावर चार इंची सीपीव्हीसी पाइप उभा करावा, वर झाकण आणि एक तोटी द्यावी. भाविकांना तो दिसणारही नाही, आणि पुढची पन्नास वर्षं नमुना तिथूनच घेता येईल. कुंडात ब्लीचिंग पावडर टाकत असाल तर तारखेची वही ठेवावी, नाहीतर ते क्लोराइड आम्ही खोल भूजलाचं समजून बसू. आणि स्त्रियांसाठी बांधलेल्या बंदिस्त न्हाणीघरांना छताजवळ आणि जमिनीलगत, दोन्हीकडे झरोके ठेवावेत. हेलियम जिथे जास्त असतं तिथे रेडॉन हा किरणोत्सारी वायूही असण्याची शक्यता असते, आणि वायुविजन नसलेल्या खोलीत तो साचतो. कार्बन डायऑक्साइड तर हवेच्या दीडपट जड, तो जमिनीलगतच बसतो.

पहिल्या वर्षासाठी आम्ही सुचवतो ते काम मोठं नाही. तीन जागा, प्रत्येकी झरा आणि एक ते दोन किलोमीटरच्या अंतरातल्या दोन थंड विहिरी, दोन हंगाम: एकूण १८ पाण्याचे नमुने. प्रत्येक झऱ्यावर दरवेळी वायूच्या दोन-दोन नळ्या, म्हणजे १२, आणि हेलियमसाठी सहा तांब्याच्या नळ्या. बाटलीत ऊर्ध्वपातित पाणी भरून आणलेला एक कोरा नमुना दर फेरीला. रासायनिक तपासणीची सोय नागपुरातल्या संस्थांमध्येच आहे. हेलियमची समस्थानिकं तेवढी अहमदाबाद किंवा हैदराबादला पाठवावी लागतील. ट्रिटियमसाठी (हायड्रोजनच्या किरणोत्सारी समस्थानिकासाठी) लिटरभर पाणी वेगळं ठेवावं. त्याचं अर्धआयुष्य १२.३ वर्षं असल्यानं गेल्या काही दशकांतलं पाणी आणि जुनं पाणी त्यातून वेगळं करता येतं. निकालांचा तक्ता जसाच्या तसा, त्रुटींसह आणि फसलेल्या नमुन्यांसह खुला करावा. सरासरी नको, आलेख नको, कच्चे आकडे हवेत.

पहिली फेरी हिवाळ्यातच, आणि सालबर्डीपासून सुरू व्हावी. महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते. त्यानंतर आठवडाभर तरी कुंडात साबण, दूध, नारळाचं पाणी आणि फुलं यांचंच रसायनशास्त्र चालतं. बाटल्या धुऊन, तोट्यांना ग्रीस लावून त्याच्या किमान पंधरा दिवस आधी तुकडी तिथे पोहोचायला हवी.

आपले,
भूरसायनशास्त्राचे काही अभ्यासक
नागपूर